सूर्यकणांची नोंदवही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हांला शास्त्र शिकवीत असत. मी पुढे मराठीचा अध्यापक झालो आणि जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेत आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविली. त्यामुळे अवकाशयानावरील उपकरणांच्या इतिहासावर बोलण्याचा याचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. त्याचे उत्तर या शाळेच्या मागल्या ओसरीत आहे.

त्या ओसरीत एक कमाल-किमान तापमापक टांगलेला असे आणि त्याच्या शेजारी, खिळ्याला सुतळीने बांधलेली, एक जाड नोंदवही. आठवडाभर एकेका विद्यार्थ्याची पाळी असे. चैत्रातल्या एका दुपारी माझ्या पाळीला पारा असा काही चढलेला दिसला की, तो आकडा मला खरा वाटेना. मी आदल्या दिवसाशी जुळेल असा एक आकडा लिहून मोकळा झालो. गुरुजी स्वतः तापमापक पाहून आलेले होते. त्यांनी माझा आकडा खोडला नाही. त्याखाली तांबड्या शाईने एवढेच लिहिले, ‘पाहणाऱ्याने बदलले.’ उलगडा मागाहून झाला. शेजारच्या वाड्यावर त्याच आठवड्यात नवा पत्रा चढला होता आणि दुपारी त्याची तिरीप थेट तापमापकावर येत होती. मी चुकीचे म्हणून टाकून दिलेले ते वाचन खरे म्हणजे पत्र्याची बातमी सांगत होते.

सूर्याकडून येणाऱ्या अतिवेगवान कणांचा शोध कसा लागला आणि ते मोजण्याची साधने कशी घडत गेली, हे मी निवृत्तीनंतर हौसेने वाचू लागलो, तेव्हा ती तांबडी शाई मला वारंवार आठवली. या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे पाऊल कोणाच्या ना कोणाच्या वहीतील नको असलेल्या आकड्यामुळे पडलेले आहे. आणि तो आकडा ज्यांनी बदलला नाही, अशा माणसांमुळे.

आरंभी एक शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. वृत्तपत्रांत ‘सौर वादळ’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला म्हणजे त्याचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. त्यामागून येतात ते विद्युद्भारित कण : प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, काही हेलियमची आणि त्याहून जड मूलद्रव्यांची केंद्रके. त्यांतले सर्वांत वेगवान कण प्रकाशाच्या पाठोपाठ काही मिनिटांत येतात, इतर काही तासांत. तिसरा येतो तो सूर्याच्या किरीटातून सुटलेला, चुंबकक्षेत्र पोटात घेऊन निघालेला वायूचा प्रचंड लोट. त्याला सतरा-अठरा तासांपासून तीन-चार दिवस लागतात, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात जी खळबळ माजते ती मुख्यतः त्याच्यामुळे. आपल्या इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर पहिली तार, दुसरा सांडणीस्वार आणि तिसरी फौज. आजचा विषय सांडणीस्वाराचा आहे. परंतु माणसाला आधी कळली ती फौज, आणि तिची एक अतिशय मोलाची नोंद आपल्या मुंबईत झाली. म्हणून तिथून निघतो.

दिनांक १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यबिंबाच्या प्रतिमेवरून डागांचे चित्र काढीत असताना एका डागसमूहावर दोन ठिकाणी लख्ख पांढरा प्रकाश उमटलेला त्याला दिसला. काही मिनिटांत तो विझला. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी जगभर चुंबकसूच्या भरकटल्या, तारायंत्रे बिघडली आणि एरवी ध्रुवाजवळ दिसणारा प्रकाश उष्ण कटिबंधाच्या सीमेपर्यंत दिसला. यूरोपातील प्रमुख वेधशाळांत छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे होती. तेथील रेघ कागदाबाहेर निघून गेली. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत असे स्वयंचलित यंत्र त्या वेळी नव्हते. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाची वाचने माणसे डोळ्यांनी पाहून हाताने लिहीत. एरवी तासातासाला, आणि सूची अस्वस्थ झाली की काही मिनिटांच्या अंतराने. त्या २ सप्टेंबरच्या सकाळी त्यांनी लिहिलेले आकडे दाखवितात की, क्षितिजसमांतर चुंबकबल थोड्या वेळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले. तुलनेसाठी सांगतो : १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास घालविणाऱ्या वादळात, निरनिराळ्या केंद्रांच्या तासवारी सरासरीत ही घसरण सुमारे ५९० होती.

कुलाब्याच्या त्या पाळीवर कोण होते, हे मला ठाऊक नाही. पण समोरचा आकडा कालच्याशी जुळत नाही म्हणून त्यांनी माझ्यासारखे केले नाही. त्या वह्या जपल्या गेल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेध अलिबागला हलविले, तरी जुनी दप्तरे टिकली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि १८५९ च्या वादळाची तीव्रता आजच्या मापात प्रथमच नीट सांगता आली. लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये एकशे चव्वेचाळीस वर्षे गेली. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे अंतर परिचयाचे आहे.

पण कुलाब्याची सूची फौजेची पावले ओळखीत होती; सांडणीस्वाराची चाहूल तिला लागणे शक्य नव्हते. ती लागली महायुद्धात, दोन ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांना, आणि दोघांनाही ती नको होती.

१९४२ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या दोन युद्धनौका ब्रिटिश रडारांना चकवून इंग्लिश खाडीतून निसटल्या. शत्रूने रडारमध्ये गोंगाट मिसळून ते आंधळे केले होते. त्यानंतर पंधरवड्याने, २६ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान, देशभरच्या रडारकेंद्रांवर तसाच गोंगाट पुन्हा सुरू झाला आणि साहजिकच हल्ल्याची भीती उत्पन्न झाली. स्टॅन्ली हे या तरुण पदार्थवैज्ञानिकाकडे तपास आला. निरनिराळ्या केंद्रांनी कळविलेल्या दिशा त्याने मांडून पाहिल्या, तेव्हा त्या दिवसभर सरकत होत्या, आणि सूर्य जिथे होता तिथेच त्या रोखलेल्या होत्या. सूर्यबिंबाच्या मध्यावर त्या दिवसांत एक मोठा डाग होता. शत्रू आकाशात निघाला. युद्ध संपेपर्यंत ही गोष्ट अर्थातच गुप्त राहिली.

त्याच २८ फेब्रुवारीला अमेरिकेत स्कॉट फोरबुश यांच्या यंत्रांनी वेगळेच काही लिहिले. फोरबुश विश्वकिरण मोजीत. त्यांची साधने म्हणजे जाड शिशाच्या आवरणात ठेवलेल्या, वायू भरलेल्या पोलादी कोठ्या. आतून विद्युद्भारित कण गेला की वायूचे अणू फुटून थोडा विद्युत्प्रवाह वाहतो आणि त्याची नोंद कागदावर उतरते. अशा कोठ्या मेरीलँडमधील चेल्टनहॅम, ग्रीनलंडमधील गॉडहाव्हन, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च आणि पेरूमधील वांकायो येथे चालू होत्या. चुंबकी वादळाच्या वेळी विश्वकिरण कमी होतात, हे फोरबुश यांनीच आधी दाखवून दिले होते. त्या दिवशी मात्र वादळ यायच्या आतच नोंद वाढली. ७ मार्चला पुन्हा तेच घडले. यंत्र बिघडले, असे म्हणून विषय मिटविता आला असता. पण एकाच वेळी तीन ठिकाणची यंत्रे कशी बिघडावीत? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चौथ्या ठिकाणी, वांकायोला, काहीच घडले नव्हते.

या ‘काहीच नाही’चा अर्थ फोरबुश यांनी लावला, तो या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा विचार आहे. वांकायो पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. बाहेरून येणाऱ्या विद्युद्भारित कणाला तेथील आडवे चुंबकक्षेत्र वळवून परत लावते. फार मोठी ऊर्जा असेल तरच तो आत शिरतो. ध्रुवांकडे मात्र वाट मोकळी असते. म्हणजे आलेली वस्तू प्रकाश नव्हे, ते विद्युद्भारित कण आहेत, आणि त्यांची ऊर्जा मोठी असली तरी वांकायोचे दार उघडण्याइतकी नाही. तीन यंत्रांच्या बोलण्याला चौथ्याच्या मौनाने अर्थ दिला. एवढे असूनही फोरबुश यांनी घाई केली नाही. २५ जुलै १९४६ रोजी तिसरा प्रसंग आला, तेव्हा कुठे त्यांनी तिन्हींवर मिळून लेख लिहिला, आणि हे कण सूर्याचे असावेत या म्हणण्यापूर्वी त्याच्या शीर्षकातच ‘कदाचित’ या अर्थाचा शब्द घातला. संशोधनपर लेखांच्या शीर्षकांतून हा शब्द अलीकडे दिसेनासा झाला आहे. असो.

त्यानंतरच्या दशकाविषयी थोडक्यात सांगतो. जॉन सिम्पसन यांनी शिकागोत न्यूट्रॉन मोजणारे अधिक संवेदनशील यंत्र तयार केले, आणि २३ फेब्रुवारी १९५६ च्या उद्रेकात इंग्लंडातील लीड्स येथील अशा यंत्राची नोंद काही मिनिटांत नेहमीच्या चाळीस पटींहून वर गेली. आपल्याकडे, बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादेत विक्रम साराभाईंनी १९४७ साली भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली होती. बंगळूरला रामन यांच्या सान्निध्यात त्यांनी ज्या विश्वकिरणांचा अभ्यास सुरू केला, तोच या प्रयोगशाळेचा आरंभीचा विषय झाला. पुढे कोडाईकनाल, तिरुवनंतपुरम आणि गुलमर्ग येथे तिची विश्वकिरण-केंद्रे उभी राहिली. भारताच्या अवकाश-कार्यक्रमाचा जनक मूळचा अशा कणांच्या मोजणीतला माणूस होता, याची आठवण आपण फारशी ठेवीत नाही.

परंतु जमिनीवरून पाहणे म्हणजे दार लोटून घेऊन पाहुण्याची चाहूल घेणे. वातावरण आणि पृथ्वीचे चुंबकत्व बहुसंख्य कणांना बाहेरच अडवितात. यंत्र बाहेर नेणे भाग होते, आणि ते नेल्यावरचा पहिला धडाही चुकीच्या वाटणाऱ्या आकड्याचाच निघाला. १९५८ च्या आरंभी उडालेल्या एक्सप्लोरर-१ या अमेरिकी उपग्रहावर जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांचा गायगर गणक होता. कमी उंचीवर तो अपेक्षेप्रमाणे मोजणी करी. फार उंचीवर गेला की शून्य. तिथे काहीच नाही, असे मानायला हरकत नव्हती. पण व्हॅन अ‍ॅलन यांचे सहकारी कार्ल मॅक्इल्वेन यांनी प्रयोगशाळेत तशाच गणकावर क्ष-किरणांचा जोरदार मारा करून पाहिला, आणि तो गणक शून्य दाखवू लागला. एक कण मोजून सावध व्हायला गणकाला क्षणभर उसंत लागते. कणांची झुंबड उडाली तर त्याला ती मिळतच नाही. वरचे शून्य हे रितेपणाचे नसून ओसंडण्याचे होते. पृथ्वीभोवती अडकून पडलेल्या कणांचे पट्टे असे सापडले. हे कण सूर्याकडून थेट येणारे नव्हेत; पण पुढच्या प्रत्येक उपकरणकर्त्याने लक्षात ठेवलेला धडा इथला आहे.

गायगर गणक कण आला एवढेच सांगतो. कोण आला, हे सांगत नाही. त्यासाठी १९६० च्या दशकात सिलिकॉनच्या चकत्यांची ‘कणदुर्बीण’ आली. तिला भिंग नसते. पुढे सिलिकॉनची एक पातळ चकती, तिच्या मागे जाड चकती, आणि बहुधा त्याहीमागे एक पहारेकरी चकती. कण पातळ चकतीतून पार होताना थोडी ऊर्जा गमावतो आणि जाड चकतीत थांबून उरलेली देऊन टाकतो. दोन्ही ठिकाणी त्या प्रमाणात विजेचा ठोका उमटतो. आता, सारख्याच वेगाच्या कणांत पातळ चकतीत गमावलेली ऊर्जा कणाच्या विद्युद्भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हेलियमच्या केंद्रकाचा भार प्रोटॉनच्या दुप्पट, म्हणून त्याचा ठोका चौपट. दोन्ही आकडे ताडून पाहिले की कण कोणता आणि त्याची ऊर्जा किती, ही दोन्ही उत्तरे मिळतात. जुने सराफ रुपया आधी वाजवून पाहत आणि मग तोलत, त्यांतलाच हा प्रकार. मागची पहारेकरी चकतीही वाजली, तर कण थांबला नाही, आरपार गेला. तो हिशेबात धरायचा नाही. इथे मात्र नको असलेला आकडा टाकून देण्याचेच यंत्र केलेले आहे. गुरुजींचा नियम सरसकट लावू नये, हेही त्यांनीच शिकविले असते. फरक एवढाच की, काय टाकले आणि का टाकले, हे इथे आधी ठरवून लिहून ठेवलेले असते.

या मोजणीवर माणसांचे जीव अवलंबून आहेत, हे ऑगस्ट १९७२ मध्ये दिसले. त्या महिन्याच्या चौथ्या तारखेला पृथ्वीजवळ पोहोचलेला प्रोटॉनांचा लोंढा अवकाशयुगात तोवर नोंदलेल्यांपैकी अतिशय प्रचंड होता. अपोलो-१६ चे चांद्रवीर एप्रिलमध्ये परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरात निघायचे होते. या दोहोंच्या मधल्या फटीत तो लोंढा येऊन गेला. चंद्राच्या पृष्ठभागावर केवळ अवकाशपोशाखात कोणी त्या वेळी असता, तर त्याला गंभीर किरणबाधा झाली असती. तारखांचा योग म्हणून निभावले.

आता ज्या उपकरणाविषयी बोलण्याचा मोह मला मुळात झाला, त्याच्याकडे येतो. त्याचे नाव ‘अनुराधा’.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास आणि त्यांचे सहकारी यांनी रचलेला हा प्रयोग २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर या अवकाशयानातून, स्पेसलॅब-३ या प्रयोगशाळेबरोबर, वर गेला आणि ६ मे रोजी परत आला. सूर्याकडून आणि आकाशगंगेतून येणाऱ्या जड केंद्रकांचे किती इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, हे शोधणे हा त्याचा हेतू. हे कळले की तो कण किती तप्त जागेतून आला आणि वाटेत त्याचे काय झाले, याचा माग लागतो. गंमत अशी की, या उपकरणात सिलिकॉन नव्हते, ठोके नव्हते, पृथ्वीकडे संदेश धाडणेही नव्हते. मुख्य द्रव्य होते ते चष्म्याच्या भिंगांसाठी वापरतात ते सीआर-३९ नावाचे पारदर्शक प्लास्टिक. त्याचे अनेक पातळ ताव एकावर एक रचलेले. जड कण त्यातून गेला की वाटेतील रेणूंच्या साखळ्या तुटतात. डोळ्याला काही दिसत नाही. पण ताव नंतर गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवला, तर ती जखमी वाट आजूबाजूच्यापेक्षा लवकर झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखा खळगा दिसू लागतो. खळग्याच्या आकारावरून कण ओळखायचा, आणि तो कितव्या तावात थांबला यावरून त्याची ऊर्जा.

येथील प्राच्यविद्या मंदिरात सुट्या पानांच्या पोथ्या लावीत असताना मी अनेकदा कसरीचा आधार घेतलेला आहे. कीड पोथी आरपार पोखरते. पाने विस्कटली आणि पृष्ठांक झडून गेले, तरी भोकाशी भोक जुळवीत गेले की पानांचा मूळ क्रम हाती येतो. अनुराधेच्या तावांतील खळगे जुळविताना तिकडचे संशोधक हेच करीत होते. फक्त त्यांना क्रमाबरोबर वेळही हवी होती, आणि प्लास्टिकला घड्याळ कळत नाही. ती अडचण त्यांनी अशी सोडविली. तावांचे दोन गठ्ठे केले. एक स्थिर आणि दुसरा, ठरावीक कालांतराने, अतिशय लहान कोनातून फिरत राहणारा. स्थिर गठ्ठ्यातील माग पुढे वाढवून फिरत्या गठ्ठ्यात शोधायचा. तो जितका सरकलेला सापडेल, त्यावरून कण नेमका केव्हा आला ते कळते. वेळ कळली की त्या क्षणी यान पृथ्वीच्या कोणत्या भागावर होते ते कळते, आणि त्या जागी चुंबकक्षेत्र किती कणांना परत लावते ते आधीच ठाऊक असते. इतक्या कमी ऊर्जेचा कण त्या दारातून आत आला, तर त्याच्यावर अमुकाहून अधिक विद्युद्भार असणे शक्य नाही, असे गणित निघते. वांकायोच्या मौनातून फोरबुश यांनी जो तर्क केला होता, तोच इथे सात दिवसांत, एकेका कणासाठी, पुन्हा मांडलेला आहे.

सूर्य मात्र त्या वर्षी शांत होता. सौरचक्राचा तो उतार होता. अनुराधेने जे ठळकपणे सांगितले ते निराळ्याच कणांविषयी. विश्वकिरणांत एक ‘विसंगत’ म्हणून ओळखला जाणारा वर्ग आहे. त्यात ऑक्सिजन प्रमाणाबाहेर आढळतो. हे अणू ताऱ्यांमधल्या अवकाशातून विद्युद्भार नसलेल्या स्थितीत आत येतात, सूर्याजवळ त्यांचा एकच इलेक्ट्रॉन सुटतो आणि पुढे त्यांना वेग मिळतो, असे १९७४ साली सुचविले गेले होते. अनुराधेच्या तावांत सापडलेला विसंगत ऑक्सिजन एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असल्याचे पुढे दिसून आले. ज्याला नावच ‘विसंगत’ असे पडलेले होते, त्याचा संसार मुंबईत जुळविला गेला.

नावाविषयी एक आगंतुक टिपण्णी, भाषेचा माणूस म्हणून. अनुराधा हे सतरावे नक्षत्र; तिची देवता मित्र, आणि मित्र हा आदित्यांपैकी एक. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे होते, असे मी म्हणणार नाही. पण आता पुढे जे यान येणार आहे त्याचे नाव आपण जाणताच.

चॅलेंजर पुढल्या जानेवारीत सात अंतराळवीरांसह नष्ट झाले.

१९९५ च्या २ डिसेंबरला सोहो हे यान सूर्याकडे पंधरा लाख किलोमीटरवरच्या बिंदूकडे निघाले. फिनलंडमधील तुर्कू आणि जर्मनीतील कील या विद्यापीठांच्या पुढाकाराने बनलेली दोन कणमापके त्यावर होती. २८ ऑक्टोबर २००३ रोजी मोठा उद्रेक झाला आणि थोड्याच वेळात सोहोच्या किरीट पाहणाऱ्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवर बर्फ पडू लागला. वेगवान प्रोटॉन कॅमेऱ्याच्या पटलावर आदळून एकेक पांढरा ठिपका उमटवीत होते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने चित्र नासले. कणांच्या अभ्यासकाला न सांगता एक जादा मापक मिळाला. त्याच दिवशी मंगळाभोवती फिरणाऱ्या ओडिसी यानावरील मारी हे उपकरण बंद पडले ते पडलेच. माणसाला मंगळाच्या वाटेवर किती किरणोत्सर्ग सोसावा लागेल, हे मोजण्यासाठी ते ठेवलेले होते. त्याचे हे शेवटचे वाचन मी वाचनच समजतो. पुढे २००७ साली आरिक पोस्नर यांनी कीलच्या उपकरणाच्या जुन्या नोंदींतून दाखविले की, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येणारे इलेक्ट्रॉन हे धोकादायक प्रोटॉनांच्या आधी पोहोचतात आणि त्यांवरून तासाभरापर्यंतची पूर्वसूचना देता येते. सांडणीस्वाराच्याही पुढे दौडणारा एक स्वार निघाला. चांद्रवीराला आडोशाला जायला तेवढा अवधी पुरतो.

२०१२ साली तर अशी एक नोंद वाचली गेली की, जी कोणी लिहिलीच नव्हती. जपानच्या फुसा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुन्या वृक्षांच्या वर्षवलयांत इ. स. ७७४-७७५ या एका वर्षात किरणोत्सारी कार्बन एकदम वाढलेला आढळला. त्यामागे सूर्याच्या कणांचा प्रचंड मारा असावा, याकडे आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. ध्रुवीय बर्फातील इतर पुरावाही त्याला दुजोरा देतो. अवकाशयुगातल्या कोणत्याही प्रसंगाहून तो कितीतरी मोठा होता. आपल्याकडे ते शके ६९६-९७, वेरूळच्या कैलासाचे काम ज्याच्या नावाशी जोडले जाते त्या राष्ट्रकूट कृष्णाच्या राजवटीला लागूनचा काळ. त्या काळचे ताम्रपट दानाच्या मुहूर्तासाठी ग्रहणांचा निर्देश करतात. परंतु हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवत नाहीत. ते टिपले झाडांनी.

२ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या सकाळीनंतर बरोबर एकशे चौसष्ट वर्षांनी, श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ निघाले. त्यावरील ‘स्टेप्स’ हे कणमापक अहमदाबादच्या त्याच भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचे सहा संवेदक सहा दिशांना तोंड करून आहेत. एक सूर्याकडे, एक पृथ्वीकडे, दोन भ्रमणकक्षेच्या प्रतलाच्या उत्तरेस व दक्षिणेस, एक सूर्याच्या चुंबकरेषांच्या वळणाच्या दिशेने आणि एक अध्येमध्ये. सूर्याचे कण पाहायला सहा दिशा कशाला, असे कोणी विचारील. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्या चुंबकरेषा फिरत्या कारंज्याच्या धारांसारख्या वळतात. पृथ्वीच्या अंतरावर हे वळण सुमारे पंचेचाळीस अंशांचे होते, आणि कण या वळणाच्या वाटेनेच येतात. वाटेत ते विखुरले गेले, तर पाठीमागूनही येतात. पूर्वीची अनेक उपकरणे एका दिशेनेच पाहत. मग बाकीच्या दिशांचे अनुमान करावे लागे. स्टेप्स प्रत्येक केंद्रकणामागे वीस हजार ते पन्नास लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढ्या ऊर्जेचे आयन मोजते, आणि त्याखेरीज दहा लाखांहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. १९५६ साली लीड्सला पोहोचलेले अब्जावधी व्होल्टांचे कण त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्याचा शोध खालच्या पायरीचा आहे : सौरवाऱ्यातला सामान्य कण वेगवान व्हायला कुठे आणि कसा आरंभ करतो, याचा.

यान आपल्या ठिकाणी पोहोचायच्या पुष्कळ आधी, १० सप्टेंबर २०२३ रोजी, पृथ्वीपासून पन्नास हजार किलोमीटरांपलीकडे स्टेप्सने मोजणी सुरू केली. ६ जानेवारी २०२४ ला यान नियोजित कक्षेत स्थिरावले, आणि त्याच वर्षी १० व ११ मे रोजी वीस वर्षांतले मोठे चुंबकी वादळ आले. लडाखमधील हानले येथे आकाश तांबडे झाले. अलिबागच्या यंत्रांना ते कळले. स्टेप्सच्या नोंदींत कणांचा ओघ वाढलेला दिसला. १८५९ साली एका डोळ्याने आणि एका लेखणीने जे केले होते, त्याच्या आगेमागे काय काय घडते ते आता आपल्याच देशाच्या तीन ठिकाणांहून पाहता आले.

आदित्यच्या वैज्ञानिक नोंदींचा पहिला संच ६ जानेवारी २०२५ रोजी सर्वांसाठी खुला करण्यात आला. बंगळूरजवळ ब्यालालू येथील ज्या केंद्रात त्या ठेवलेल्या आहेत, त्याच्या वितरणव्यवस्थेचे नाव ‘प्रदान’. नाव नोंदवून कोणीही त्या घेऊ शकतो. या शाळेचा विद्यार्थीही. त्या आकड्यांच्या रांगांत काही जागा कोऱ्या आहेत आणि काही आकडे शेजारच्यांशी जुळत नाहीत. आपल्या ओसरीतील नोंदवही शाळेच्या कपाटात अजून आहे. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांनी मला ती काढून दाखविली. कसर लागलेली आहे, पण तांबडी शाई वाचता येते.